मेहेरबानी हक्क कधी होते? बोनस, ग्रॅच्युइटी आणि ग्रेसचे हिशेब

दसरा उलटला की मुंबई महापालिकेत कामगार संघटनांच्या बैठकांना जोर येतो आणि दिवाळीच्या तोंडावर बातमी झळकते: पालिका कर्मचाऱ्यांना ३१ हजारांचा बोनस. हा आकडा २०२५ चा. २०२४ मध्ये २९ हजार होते, २०२३ मध्ये २६ हजार. चौकीवरचा सफाई कामगार, वॉर्डातला कारकून, रुग्णालयातली परिचारिका, सगळे त्याला बोनसच म्हणतात. पालिकेच्या कागदावर मात्र त्याचं नाव 'सानुग्रह अनुदान' असतं.

यात नुसता सरकारी भाषेचा सोस नाही. बोनसचा केंद्रीय कायदा १९६५ चा. कारखान्यातल्या पात्र कामगाराला वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के बोनस द्यायचा, नफा झालेला असो वा नसो, आणि जास्तीत जास्त २० टक्के, असं तो सांगतो. ८.३३ टक्के म्हणजे बारा महिन्यांतला एक महिना. पण याच कायद्याच्या ३२ व्या कलमात वगळलेल्यांची यादी आहे आणि तिच्यात सरकारी खात्यांबरोबर स्थानिक स्वराज्य संस्थांचे उद्योगही बसतात. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या वेतन संहितेत मिसळला, तरी ही वगळणी कायम राहिली. म्हणून पालिकेच्या माणसाला या कायद्याखाली बोनस मागता येत नाही. त्याला जे मिळतं ते पालिकेने राजीखुशीने दिलेलं. एखाद्या वर्षी पालिकेने हात आखडता घेतला तर संघटना मोर्चा काढेल, काम बंद करेल, पण बोनस कायद्याचं कलम दाखवून पैसे वसूल करू शकणार नाही.

सानुग्रह म्हणजे इंग्रजी कागदपत्रांतलं 'एक्स ग्रेशिया'. ग्रेस मार्क, ग्रेस पिरियड, ग्रॅच्युइटी ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. (नर्तकीच्या हालचालीतला ग्रेस आणि कवी माणिक गोडघाटे यांनी टोपणनाव म्हणून घेतलेला ग्रेस, हेही त्याच कुळातले, पण त्यांचा प्रांत सौंदर्याचा. तो इथे बाजूला ठेवू.) पैशाच्या, परीक्षेच्या आणि कायद्याच्या कामकाजात ग्रेस आला की एकच प्रश्न विचारायचा: देणाऱ्याला 'नाही' म्हणायची मोकळीक आहे का? मोकळीक असेल तर ती मेहेरबानी. नसेल तर नाव काहीही असो, तो हक्क.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपेवर शेकडो वर्षं वाद झाले आहेत, आणि त्यातलं एक सूत्र इथे नेमकं लागू पडतं. बायबलमधल्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो त्याचा आशय असा: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, आणि मजुरी ही कृपा नसते, ते देणं असतं. गिरणगावाचा निम्मा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

पहिल्या महायुद्धात परदेशी कापडाची आवक घटली आणि मुंबईच्या गिरण्यांना सुगीचे दिवस आले. महागाईही भडकली. १९१७ मध्ये मालकांनी पगारावर १० टक्के 'वॉर बोनस' सुरू केला, पुढच्या वर्षी तो १५ टक्के केला. युद्ध संपल्यावरही काही वर्षं नफ्यातून वार्षिक बोनस मिळत राहिला. गिरणीकामगाराने तो गृहीत धरला, गावाकडे धाडायच्या पैशांत, सावकाराच्या हप्त्यात. मग १९२३ सालचा बोनस द्यायचा नाही असं मालकांनी ठरवलं, आणि जानेवारी १९२४ मध्ये गिरण्या बंद पडल्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते.

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यापुढचा प्रश्न सरळ होता: वर्षानुवर्षं बोनस मिळाला म्हणून कामगारांचा त्यावर काही दावा निर्माण होतो का, रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने? समितीचं उत्तर होतं, नाही. अंमलात आणता येईल असा कोणताही हक्क कामगारांना सिद्ध करता आलेला नाही. संप मोडला, कामगार परतले. मालकाने दिलं तर दिलं.

पुढची पंचवीस वर्षं ही भिंत हळूहळू पोखरली गेली. १९५० मध्ये मुंबईचा गिरणीमालक संघ विरुद्ध राष्ट्रीय मिल मजदूर संघ या वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने स्पष्ट केलं की बोनसला यापुढे मालकाची मेहेरबानी समजता येणार नाही. नफा भांडवलामुळे होतो तसा श्रमामुळेही होतो, म्हणून उरलेल्या नफ्यात कामगाराचा वाटा आहे. 'उरलेला' म्हणजे काय हेही त्यांनी ठरवून दिलं: एकूण नफ्यातून यंत्रांचा घसारा, जुनी यंत्रं बदलण्यासाठीची तरतूद, प्राप्तिकर, भरणा झालेल्या भांडवलावर ६ टक्के परतावा आणि खेळत्या भांडवलावर त्याहून कमी परतावा वजा करायचा. शिल्लक राहिलं तर त्यातून बोनस. हेच ते 'फुल बेंच सूत्र'. आपल्याकडे गिरणगाव म्हटलं की १९८२ चा संपच आठवतो. माझ्या मते देशभरच्या कामगाराच्या खिशावर १९५० च्या या निकालाचा परिणाम कितीतरी जास्त झाला, कारण १९६५ चा कायदा त्याच वाटेने आला.

ग्रॅच्युइटीचा प्रवासही असाच. नावातच बक्षिसी आहे. इमानेइतबारे नोकरी केली म्हणून निरोप देताना मालकाने हातावर ठेवलेली रक्कम, असा तिचा जुना अर्थ. आधी केरळने १९७० मध्ये, मग पश्चिम बंगालने १९७१ मध्ये कायदा करून ती सक्तीची केली. प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा होण्याआधी केंद्राने १९७२ मध्ये देशभरासाठी एकच कायदा आणला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षं सेवा झाली की नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी द्यावीच लागते. कामावर असताना मृत्यू आला किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने मुदतीच्या करारावरच्या कर्मचाऱ्यांसाठी ही अट एका वर्षावर आणली.

हिशेब बोटावर करता येतो. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता घ्या, त्याला २६ ने भागा, १५ ने गुणा, आणि झालेल्या सेवेच्या वर्षांनी गुणा. २६ कशासाठी? तर चार रविवार वजा जाता महिन्यात कामाचे दिवस २६ धरले आहेत. समजा शेवटचा पगार २६ हजार आणि सेवा दहा वर्षं. एका दिवसाचे हजार, पंधरा दिवसांचे पंधरा हजार, दहा वर्षांचे दीड लाख. तीसने भागलं असतं तर रक्कम बरीच खाली आली असती. २०१८ पासून कमाल मर्यादा २० लाखांची आहे.

आता तुमचं ऑफर लेटर काढा आणि सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या वार्षिक खर्चाचा, तक्ता बघा. बऱ्याच कंपन्या तिथे ग्रॅच्युइटीची ओळ टाकतात, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. पंधरा भागिले सव्वीस, त्याला बारा महिन्यांनी भागलं की हाच आकडा येतो. म्हणजे ती बक्षिसी आता पगाराच्या गोळाबेरजेत आधीच धरलेली आहे. पाच वर्षांच्या आत राजीनामा दिला तर कायम कर्मचाऱ्याला त्यातली दमडी मिळत नाही, आणि तरी 'वार्षिक पॅकेज'चा आकडा त्याच रकमेने फुगवलेला असतो. नोकरी स्वीकारताना ही ओळ वजा करून बघावी.

सानुग्रह रकमेचा हक्क झाल्याचं सगळ्यात ठळक उदाहरण कोविडच्या काळातलं आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या १२ व्या कलमात म्हटलंय की राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपद्ग्रस्तांना द्यायच्या मदतीचे किमान निकष ठरवावेत, आणि त्यात जीवितहानीबद्दलची सानुग्रह मदतही असावी. कोविडला केंद्राने आपत्ती म्हणून घोषित केलं होतं. मग मृतांच्या कुटुंबांना मदत का नाही, असं विचारत याचिका दाखल झाल्या. पूर, वीज यांसारख्या आपत्तींत मृत्यूमागे चार लाख मिळतात तेवढेच मिळावेत, ही मागणी.

३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कलमातली भाषा ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, म्हणून सानुग्रह मदतीचे निकष ठरवणं प्राधिकरणावर बंधनकारक आहे. किती द्यायचे ते मात्र न्यायालयाने ठरवलं नाही, तो अधिकार प्राधिकरणाकडेच ठेवला. प्राधिकरणाने प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये ठरवले, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून द्यायचे. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि दाखल्यांचे अडथळेही काढले: मृत्यूच्या दाखल्यावर 'कोविड' लिहिलेलं नाही एवढ्याच कारणाने कुणाला परत पाठवायचं नाही, आणि अर्ज आल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे.

इथे दोन प्रश्न वेगळे केले गेले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'द्यायचं की नाही' हा हक्काचा प्रश्न झाला. 'किती द्यायचं' हा सरकारच्या मर्जीचा आणि ऐपतीचा राहिला. महाराष्ट्रात देशातले सर्वाधिक कोविड मृत्यू नोंदले गेले, त्यामुळे या भेदाची झळ आणि त्याचा फायदा दोन्ही इथल्या घरांना सर्वाधिक बसले.

परीक्षेतल्या ग्रेसकडे वळू. गावोगावी एकच समजूत असते: तपासणाऱ्याला दया आली आणि त्याने ढकलून पास केलं. प्रत्यक्षात पेपर तपासणाऱ्याचा ग्रेसशी काही संबंध नसतो, तो निकाल तयार होताना नियमाने लागतो. मुंबई विद्यापीठाचा अध्यादेश ५०४२-अ बघा, अनेक पिढ्या त्यावर पदवीधर झाल्या. शंभर गुणांच्या विषयात जास्तीत जास्त तीन गुण, आणि सगळे मिळून परीक्षेच्या एकूण गुणांच्या एक टक्क्याच्या आत. वर आणखी एक पाचर: या गुणांनी विद्यार्थी पूर्ण परीक्षा पास होत असेल तरच ते द्यायचे. अकाउंटन्सीत दोन गुण कमी पडले आणि इकॉनॉमिक्समध्ये बारा, तर अकाउंटन्सीतलेही मिळत नाहीत, दोन्ही विषय लटकतात. 'त्याला दिले, मला का नाही' या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा या अटीत असतं. राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, खेळ यांचे वाढीव गुण हा वेगळा प्रकार. त्यांच्यामागे काहीतरी केलेलं असतं, म्हणून त्यांना मी ग्रेस म्हणायला कचरतो.

नियम नसताना ग्रेस दिला की काय होतं ते २०२४ च्या नीटने, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेने, दाखवलं. ५ मे रोजी परीक्षा झाली, ४ जूनला निकाल लागला. काही विद्यार्थ्यांचे गुण ७१८ आणि ७१९ होते. ज्याला नीटची गुणपद्धत माहीत आहे तो तिथेच थबकला. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला वजा एक. सगळं बरोबर आलं तर ७२०. एक प्रश्न सोडला तर ७१६. एक चुकला तर ७१५. मधले आकडे येऊच शकत नाहीत. चौकशीत कळलं की काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १,५६३ जणांना भरपाईचे गुण दिले होते, एका जुन्या खटल्यात दुसऱ्याच परीक्षेसाठी वापरलेल्या सूत्राने. परीक्षेच्या आधी जाहीर झालेल्या नियमांत हे कुठेच नव्हतं. १३ जूनला सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आलं की हे गुण रद्द होतील, हवं तर पुन्हा परीक्षा द्या नाहीतर मूळ गुण घ्या. २३ जूनला फेरपरीक्षा झाली, ८१३ जण बसले. वेळ वाया गेला हे खरंच होतं, मुलांचा दोष नव्हता. पण जिथे एकेका गुणावर हजारो क्रमांक हलतात तिथे एकाला दिलेली सूट दुसऱ्याच्या ताटातून जाते.

ग्रेस पिरियडबद्दल थोडक्यात, कारण इथे तत्त्वज्ञान कमी आणि नुकसान जास्त. आयुर्विम्याचा हप्ता चुकला तर मासिक हप्त्याला १५ दिवस आणि तिमाही, सहामाही, वार्षिकला ३० दिवस मिळतात. या काळात विमाधारकाचा मृत्यू झाला तर दावा मिळतो, थकलेला हप्ता कापून. म्हणजे इथे सवलतीच्या दिवसांतही छत्र डोक्यावर असतं. आरोग्य विम्यात लोकांचा गोंधळ होतो. हप्त्याहप्त्याने भरत असाल तर २०२४ च्या नियमांनुसार सवलतीच्या दिवसांतही संरक्षण चालू राहतं. पण वर्षाची पॉलिसी संपली आणि नूतनीकरण वीस दिवस उशिरा केलं, तर जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ वगैरे जमा झालेले फायदे टिकतात, मधल्या वीस दिवसांत मात्र दवाखान्यात भरती झालात तर तो खर्च तुमचा. गाडीच्या विम्याला तर हे दिवसही नाहीत. मुदत मध्यरात्री संपली की संपली, सकाळी गाडी रस्त्यावर काढणं मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा. नव्वद दिवसांत नूतनीकरण केलं तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वाचतो, आणि लोक या नव्वद दिवसांनाच ग्रेस समजून बिनधास्त फिरतात.

क्रेडिट कार्डाचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही आणि क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवता येत नाही. व्याजाचं मीटर मात्र त्यासाठी थांबत नाही.

उरली शेवटची आणि सगळ्यात जुनी मेहेरबानी, राजाची माफी. ती आपल्या राज्यघटनेत ७२ व्या कलमाने राष्ट्रपतींकडे आणि १६१ व्या कलमाने राज्यपालांकडे आली. महाराष्ट्राने तिचा सगळ्यात गाजलेला वापर पाहिला तो नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यात. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप सुनावली आणि त्याच दिवशी मुंबईचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा तहकूब केली, सर्वोच्च न्यायालयातलं अपील निकाली निघेपर्यंत नानावटी नौदलाच्याच ताब्यात राहावेत म्हणून. गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याच वर्षी सांगितलं की प्रकरण न्यायालयापुढे असताना हा आदेश चालू राहू शकत नाही. अपील फेटाळलं गेलं, नानावटी तुरुंगात गेले, आणि १९६४ मध्ये नव्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. ती टिकली.

माफी मागता येते, मिळेलच असं नाही. पण माफी देणाऱ्यालाही मोकळं रान नाही. आंध्र प्रदेशच्या राज्यपालांनी दिलेली एक शिक्षामाफी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण कैद्याबद्दलच्या अहवालात तो चांगला काँग्रेस कार्यकर्ता असल्याची नोंद होती. पक्ष, जात, धर्म बघून दिलेली माफी मनमानी ठरते आणि मनमानी घटनेला चालत नाही.

उलट बाजूही आहे. पुण्यात २००७ मध्ये बीपीओत काम करणाऱ्या तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांना फाशी झाली होती. राज्यपालांनी दयेचा अर्ज फेटाळला, राष्ट्रपतींनीही फेटाळला. फाशीची तारीख पडली २४ जून २०१९. पण सर्वोच्च न्यायालयात अपील संपल्यापासून अर्जांच्या आणि वॉरंटच्या फायली टेबलावरून टेबलावर फिरण्यात चार वर्षांहून जास्त काळ गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्या विलंबाच्या कारणावरून फाशी रद्द करून ३५ वर्षांची जन्मठेप दिली. दया दाखवलीच पाहिजे असं न्यायालयाने म्हटलं नाही. गुन्हा इतका निर्घृण होता की निकालावर लोक चिडले, आणि ते चिडणं मला समजतं. पण मुद्दा वेगळा होता: दयेचा अर्ज नाकारण्याचा अधिकार सरकारला आहे, माणसाला वर्षानुवर्षं फासाच्या छायेत लटकत ठेवण्याचा नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला आणि दयेचे अर्ज वेळेत हातावेगळे करण्यासाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष उभारावेत, असा आदेश दिला.